मांगरापर्यंतची तार

२ ऑक्टोबर

जांभ्याच्या भिंतीतून वायफाय धड जात नाही, हे रत्नागिरीत जुनं घर असलेल्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या माजघराची भिंत दीड फूट जाड. दगडात लोह भरपूर, त्यात जांभा सच्छिद्र, पावसाळाभर पाणी प्यालेला. ओटीवरच्या राउटरची रेंज माजघरात जेमतेम पोचते. खळ्यापलीकडच्या मांगरात फोनवर एखादी रेघ उगवते नि मावळते. पण बाबांना गाणं ऐकायला मांगरच हवा. तिथे रस्त्याचा आवाज येत नाही, आणि कौलाखालच्या त्या खोलीत आवाज घुमत नाही.

बातम्या मध्येच तुटल्या तर बिघडत नाही. विलंबित ख्यालात गवई समेकडे निघालेला असताना आवाज थांबला, तर अख्ख्या आवर्तनात बांधत आणलेलं सगळं वाया जातं. बाबा मग बंदच करून टाकतात. तार टाकायची, हे आज नक्की केलं.

४ ऑक्टोबर

भाच्याने पुण्याहून फोन करून खास संगीतासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग केबलबद्दल सांगितलं. बसून हिशेब केला. सीडीच्या दर्जाचं संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डाव्या-उजव्या दोन वाहिन्या: सेकंदाला १४११ किलोबिट. फ्लॅकमध्ये बांधलं की याहून कमी, आणि हरवत काहीच नाही. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये लॉसलेस आणलं, त्यातलं सर्वांत वरचं २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं. त्याचा कच्चा ओघही सव्वानऊ मेगाबिटच्या आसपास. साध्यातली साधी तार शंभर मेगाबिट वाहून नेते.

तारेतून जातात ते आकडे. वाटेत एखादं पाकीट बिघडलं तर ते पुन्हा मागवलं जातं, आणि तोवर प्लेअर आधीच साठवलेल्यातून वाजवत राहतो. पलीकडे आकडे जसेच्या तसे पोचले, की केबल हजाराची असो वा लाखाची, गंधार तोच लागणार. पैसे स्पीकरवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. भाच्याला तसं कळवलं.

७ ऑक्टोबर

कॅट सिक्स केबल घेतली. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. दुकानातच टोक ब्लेडने खरवडून पाहिलं. आत पांढरं दिसलं तर ठेवून द्यायची. लाल दिसली, घेतली. इथल्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचे सांधे टिकत नाहीत.

संध्याकाळी परतीच्या पावसाचा गडगडाट झाला आणि खळ्याचा प्रश्न समोर आला. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार म्हणजे विजेला सरळ वाट. जवळपास वीज पडली तरी त्या तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जाऊ शकतात. म्हणून खळ्यातून फायबर न्यायची, दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर लावायचे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. मात्र खांबावरून घरात येणाऱ्या नेहमीच्या फायबरला आधाराची पोलादी तार असते. ती इथे नको, बिनधातूचीच हवी. मुख्य वीजवाहिनीतून येणारा झटका वेगळा. त्यासाठी दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्टर.

१० ऑक्टोबर

वायरमन सकाळपासून. खळ्याच्या कडेने चर खणून पाइप पुरला. घरातली तार पाटावावरून पाइपातूनच नेली, कारण माळ्यावर उंदीर.

“काका, शिल्डवाली टाकली असती तर?” त्याने विचारलं.

“शिल्ड घ्यायची तर अर्थिंग चोख हवं रे. आपल्या कातळात मे महिन्यात ओल कुठे असते?”

त्याने मान डोलावली. या भागात अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून वर पाणी ओतत राहावं लागतं, हे तो माझ्याहून जास्त जाणतो. मग आठ तारा रंगांच्या क्रमाने लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अगदी प्लगपर्यंत राखला. त्या पिळामुळेच एका जोडीचा त्रास दुसरीला होत नाही. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागले. फायबर वळवताना मात्र मी उभा राहिलो. काचेला काटकोन चालत नाही.

१३ ऑक्टोबर

तानपुरा. फरक कळतो तो इथे. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत मोठ्या आवाजाखालचं बारीक सगळं टाकून देतात, कानाला कळणार नाही या भरवशावर. गायक बोलू लागला की जवारीतले वरचे स्वर विटतात. आज ते गाण्याच्या मागे शेवटपर्यंत उभे होते. मिरजेच्या तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी घासून ती काढणाऱ्यांचं काम निदान ऐकू तरी यावं.

मग बाबांनी अब्दुल करीम खाँसाहेब लावायला सांगितले. त्या तबकड्यांच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं; १९३०च्या दशकात माइकने जेवढं टिपलं तेवढंच तिथे आहे. लॉसलेसने त्यात भर पडत नाही, तारेनेही नाही. हे मी सांगू लागलो तर बाबा म्हणाले, “खरखर राहू दे. साफ करायला जातात आणि आवाजाची धारही पुसून टाकतात.”

ते बरोबरच आहे. एकाच तबकडीच्या दोन प्रती शोधून ठेवल्या आहेत, एक साफ केलेली, एक तशीच. उद्या दोन्ही लागोपाठ ऐकवतो. कोणती ठेवायची ते त्यांनीच सांगावं.