मोडशी, पेज आणि जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल

१. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलला आज एकच मनोरा आहे. उत्तरेकडील मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा उभारला गेला नाही. तोवर ते शहरच ओस पडत चालले होते. त्या ओसाडीच्या मुळाशी जे आजार होते, त्यांतील एकाचे नाव आपल्याच भाषेतले आहे: मोडशी.

२. हा शब्द मला ग्रंथालयात नव्हे, पणजीत भेटला. सोबतच्या मित्राला पहाटेपासून जुलाब-उलट्या होत होत्या. डॉक्टरांनी क्षार-साखरेची पाकिटे लिहून दिली. घरमालकीण काकू म्हणाल्या, "मोडशी झालीय, पेज घ्या," आणि मीठ घातलेली पेज ठेवून गेल्या. दुपारी उतार पडल्यावर मित्रानेच मला पिटाळले: "तू तरी बघून ये."

३. अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतले ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी. म्हणून हे कॅथेड्रल तिला अर्पण केलेले. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि १६१९ मध्ये पूर्ण झाले. आतल्या वेदींचे काम १६५२ पर्यंत चालले. त्या उंच कमानींखाली मला मात्र सारखी पेजच आठवत होती.

४. कारण १५४३ मध्येच गोव्यात भयंकर साथ आली होती. इतिवृत्तकार गास्पार कोर्रेयाने तिचे स्थानिक नाव नोंदवले आहे. ते म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचे 'मोर्देशिम' केले, तर फ्रेंचांनी त्यातून 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ काढला.

५. गार्सिया द ओर्ता हा गोव्यातील पोर्तुगीज वैद्य. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात या रोगाचे वर्णन आहे. येथील वैद्य रोग्याला मिरी-जिरे घातलेली भाताची पेज देतात, हेही त्याने लिहून ठेवले. शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणे हाच या रोगावरचा मुख्य उपचार, हे आज आपण जाणतो. दोन दिवसांत माझा मित्र हिंडूफिरू लागला तो याच तत्त्वावर.

६. ओर्ता ज्यू वंशातला होता. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला जाळले. १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. त्या न्यायासनाचा वाडा कॅथेड्रलजवळच्या चौकात होता. आज तेथे मोकळी जागा आहे.

७. साथी येत राहिल्या, लोक जात राहिले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीला बिऱ्हाड हलवले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. तेथील नगरोद्यानाला आज गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. ज्या वैद्यांनी त्याला पेजेचा उपचार सांगितला, त्यांच्या नावाचा दगड कोठे नाही. त्यांचे ज्ञान मात्र घराघरांतल्या काकूंपाशी टिकून आहे. स्मारकांची यादी करताना आपण चुलीकडेही पाहायला हवे.