भरतीच्या हिशोबाने

कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की काल्हेरची गोदामं सुरू होतात. सगळ्यांची शटरं रस्त्याकडे, खाडी त्यांच्या पाठीमागे. माझ्या लहानपणी गावाचं तोंड पाण्याकडे होतं.

आजोबांची होडी होती. पलीकडे कोलशेत, तिथून पुढे ठाण्याचा बाजार. भाजी, चिंबोऱ्यांच्या टोपल्या आणि आम्ही मुलं एकाच फळीवर. निघायचं कधी, हे आजोबा पंचांग बघून सांगत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. ही मुंबई बंदराकडची वेळ. इतक्या आत पाणी चढायला उशीर होतो, तो अंदाज ते मनातच मिळवत. शाळेत अपूर्णांक शिकण्याआधी मला पाऊणपट येऊ लागली ती अशी.

त्रास याच हिशोबात होता. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. शाळेची घंटा आणि बाजार सरकत नाहीत. सुकती लागली की होडी काठापासून लांब अडकायची आणि गुडघाभर गाळ तुडवत यावं लागायचं. त्यात कालवांच्या शिंपांनी पाय कापायचे. गाळाचा वास अंघोळीनंतरही जायचा नाही. पण त्याच गाळावर निवट्या टणाटण उड्या मारत असायच्या, तिवरांच्या मुळांशी खेकडे बिळांत शिरायचे, आणि आम्ही ते बघत इतके रेंगाळायचो की आजी काठावरून हाका मारून थकायची.

काका रेतीच्या पडावावर होते. तेव्हा खाडीत डुबी मारून, तळाची रेती बादलीने काढत. सक्शन पंपांचा घरघराट नंतर आला. एकदा हट्टाने मी त्यांच्याबरोबर वसईपर्यंत गेलो. जाताना सुकती धरायची, येताना भरती, म्हणजे दोन्ही वेळा पाणीच आपल्याला नेतं. डावीकडे येऊरचे हिरवे डोंगर, मग गायमुख, नागला बंदर, घोडबंदर. पुढे पाणजू बेट आणि त्याच्या दोन्ही अंगांचे रेल्वेपूल. वसईला पोचल्यावर पाणी फिरेपर्यंत नांगर टाकून तासन् तास बसून राहायचं. सावली नाही, प्यायचं पाणी कोमट, भात करपलेला. त्या बसण्याचा मला आधी संताप आला. मग तांडेलाने वाऱ्याच्या दिशा, उधाण आणि भांगातला फरक, तळ न दिसता खडक कसा ओळखायचा, हे एकेक करून सांगायला सुरुवात केली. मला खाडी समजली ती त्या थांबण्यात.

पुढे अलिबागला नोकरी लागली आणि गेटवे ते मांडवा लाँच नेहमीची झाली. थंडीत मागे येणारे कुरव पक्षी, डेकवरचा खारा वारा. आणि पावसाळ्यात लाकडी लाँच बंद, की रस्त्याने तीन-चार तासांचा वळसा. दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठीच्या मुखावर गाडीसकट फेरीत चढतो, तेव्हा चिपळूणमार्गे फिरून जाण्याची कटकट वाचल्याचा आनंद प्रत्येक वेळी नव्याने होतो. वसई-भाईंदरची रो-रो 2024 मध्ये सुरू झाली. काकांच्या पडावाच्या वाटेवर आता मोटारी तरंगत जातात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आमच्या खाडीचंही नाव सरकारी कागदावर आहे. 2016 च्या कायद्याने उल्हास नदी आणि वसई खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 मध्ये आली. पहिल्या टप्प्यातल्या धक्क्यांत कोलशेत, डोंबिवली, मीरा-भाईंदर यांच्याबरोबर काल्हेरही आहे. ते वाचून मला फार बरं वाटलं. पण धक्का बांधला म्हणजे गाळ हटत नाही. तो वर्षानुवर्षं उपसत राहावा लागेल, आणि तेही तिवरं न मारता. कांदळवन गेलं तर काठ ढासळतो, माशांची पैदास संपते, आणि मग त्या पाण्यावरून नुसती ये-जा उरते.

आणखी एक. गोदामात हमाली करणारे आणि ठाण्याला नोकरीला जाणारे आज कशेळी-बाळकुमच्या कोंडीत रोज अडकलेले असतात, आणि कोलशेत समोरच दिसत असतं. रविवारी हौशी लोकांना फिरवून आणणारी बोट खुशाल असू दे. आधी मात्र सकाळी कामाला वेळेवर पोचवणारी, बसच्या तिकिटात बसणारी बोट हवी, आणि धक्क्यावर त्या दिवसाच्या भरती-सुकतीच्या वेळा लिहिलेला फळा.