कशावरून?

बाबांची वही उघडली की आधी समास दिसतो. दोन बोटं रुंद, पट्टीनं आखलेला, शेवटच्या पानापर्यंत सारखा. आत निळ्या शाईत बाबांचा मजकूर आणि समासात लाल शाईत त्यांच्या प्राध्यापकांचं बारीक अक्षर. १९६५ साली रिसोड तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून बाबा अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात गेले. वाशिमहून मीटरगेजनं अकोला, तिथून मोठ्या गाडीनं बडनेरा. तेव्हा पदवी नागपूर विद्यापीठाची असे.

एका पानावर बाबांनी लिहिलंय : 'वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम.' शेजारी लाल शाईत एकच शब्द : 'कशावरून?'

वाशिमच्या बाजारात बैल विकायला जाणाऱ्या घरातला मुलगा. त्याला ही गोष्ट सिद्ध करावी लागते हेच ठाऊक नव्हतं. मग तो ग्रंथालयात गेला. वा. वि. मिराशींनी संपादलेला वाकाटक राजांच्या कोरीव लेखांचा इंग्रजी खंड १९६३ साली निघाला होता. मिराशी काही काळ त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. शब्दकोश शेजारी ठेवून बाबांनी त्यातली पानं वाचली, आणि वहीत पुढच्या पानावर उत्तर आलं : १९३९ साली वाशिमला ताम्रपट सापडले. राजा विंध्यशक्ती, त्याच्या राज्याचं सदतिसावं वर्ष. आज्ञा सुटली वत्सगुल्माहून. वंशावळीचा भाग संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात.

समासात पुन्हा लाल शाई : 'ताम्रपट गावोगाव फिरतात. आणखी काय?'

मग बाबांनी वत्सगुल्म माहात्म्याचा आधार दिला, वत्स ऋषींची कथा सांगितली, कथा हा पुरावा किती धरावा यावर चार ओळी लिहिल्या. तिथे मात्र समासात नुसती बरोबरची खूण आहे. त्या एका खुणेसाठी बाबांना तीन आठवडे लागले होते. सत्तरीतही ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

माझी पदवी अमरावती विद्यापीठाची. विद्यापीठ १९८३ साली वेगळं झालं आणि मी १९८८ ला कॉलेजात आले. माझ्याकडे वही नव्हतीच म्हटलं तरी चालेल. गाईड होतं. पातळ पिवळट कागद, कडेपर्यंत ठासून छापलेला मजकूर, वर 'अपेक्षित प्रश्न'. समास उरलेला नव्हता. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेवर दहा गुणांचं उत्तर मी तोंडपाठ केलं, परीक्षेत उतरवलं, पहिला वर्ग मिळवला. तीन वर्षांत मला एकदाही कुणी 'कशावरून?' विचारलं नाही. निकालाच्या दिवशी बाबांनी पेढे आणले. रात्री त्यांनी गाईड चाळलं, काही न बोलता परत ठेवलं. ते गप्प राहणं मला आजही बोचतं.

आता मीच शिकवते. सुरुवातीची बरीच वर्षं तासिका तत्त्वावर गेली, म्हणजे तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही. अशा माणसानं साठ वह्या घरी नेऊन लाल शाईनं तपासाव्यात अशी अपेक्षा कुणी कोणत्या तोंडानं करायची? मी काही वर्षं केलं, मग दमले. दर्जा घसरला म्हणणाऱ्यांनी आधी प्राध्यापकांच्या या रिकाम्या जागांकडे बघावं असं मला फार वाटतं. मुलं बिघडली असं म्हणणं सोपं आहे.

आणि पूर्वी सगळं उत्तम होतं, हेही खरं नाही. १९१७ च्या सॅडलर आयोगाला कलकत्ता विद्यापीठात परीक्षाच शिक्षणावर स्वार झालेली दिसली होती. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं तर एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची, असं म्हटलं. त्यातून बाबांचा वर्ग म्हणजे मोजकी मुलं, बहुतेक मुलगेच. माझी आई सातवीत पहिली आली आणि तिथेच तिची शाळा सुटली. तिच्या वाट्याला तो समास कधी आलाच नाही. बाबांच्या वहीचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही.

आज माझ्या वर्गात मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या मुली येतात. घरात कॉलेज पाहणारी पहिलीच. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, धाकट्या भावंडांचं आवरून ही एसटीनं येते. तिच्याकडे मोबाइलमध्ये नोट्स असतात, कुणी तरी ग्रुपवर टाकलेल्या. दोन वर्षांपूर्वी पेपर तपासताना सलग बावीस उत्तरांत राजाचं नाव 'विंद्यशक्ती' असंच चुकलेलं सापडलं. मुळात ज्यानं टाइप केलं त्याचा ध गेला, आणि तो बावीस जणांच्या हातून गेला. मी त्या रात्री बराच वेळ लाल पेन हातात धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाबांची वही वर्गात नेली. ते पान उघडून बाकांवरून फिरवलं. मुलं वाकून बघत होती, काहींनी फोटो काढले. मग मी सांगितलं, पुढच्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या गावाबद्दल एक वाक्य लिहून आणायचं, आणि शेजारी समास मोकळा सोडायचा. तिसाएक वह्या आल्या. घरी नेल्या, जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि लाल शाईत लिहीत गेले : कशावरून? कशावरून?

त्यानंतर तास संपल्यावर मानोऱ्याकडची एक मुलगी थांबली. बस चुकेल म्हणून सारखी दाराकडे बघत होती.

"मॅडम, तुम्ही सांगितलं का दानाचा मजकूर प्राकृतात हाये, लोकायला कळावा म्हून."

"हो."

"पण ते कायच्यावरून? राजानं तसं कुठी लिवलं हाये का?"

मी खडू खाली ठेवला. पस्तीस वर्षं हे वाक्य मी ऐकलं, वाचलं, शिकवलं होतं आणि त्याच्या शेजारी कधी काही लिहिलं नव्हतं. तिला म्हटलं, "बस गेली तर गाडीवर सोडते तुला. चल, आधी ग्रंथालयात जाऊ."

मिराशींचा खंड खालच्या फळीवर होता. तिनं ओढणीच्या टोकानं धूळ पुसली, पान उघडलं आणि बोट ठेवून सावकाश अक्षरं लावायला लागली.