पुढचा दिवा

नोंदणीपुस्तकात नाव दाखल होऊन जुनी मोटारसायकल रीतसर ताब्यात आली, तेव्हा आज सायंकाळी तिच्या पुढच्या दिव्याची दुरुस्ती हाती घेतली. पिवळट काचेआडचा परावर्तक निष्कलंक होता. दोष अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात निघाला, आणि तो पॉलिश पेपरने घासताच दिवा तेजाळला. खरे अवधान लागते ते यानंतर: चाकांत योग्य हवा भरून, आसनावर कोणाला तरी बसवून, गाडी चुन्याच्या भिंतीसमोर उभी करावी, दिव्याच्या मध्याची उंची खडूने रेखावी आणि जवळच्या झोताची वरची कड त्या रेषेखाली येईतो स्क्रू अल्पाल्प फिरवावा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८ मीटरवरील, जमिनीपासून दीड मीटर उंचीची दृष्टी दिपू नये असा दंडक आहे, आणि धान लादून परतणाऱ्या बैलबंडीवाल्याचे डोळे जवळपास त्याच उंचीवर असतात, हे ध्यानी घेता त्या दंडकाविषयी मनात नितांत आदर उत्पन्न होतो. झोत अकारण उंच ठेवल्यास कोका अभयारण्यालगत मोहाचे शेंडे तेवढे उजळतात. रस्त्यात आलेले चितळ अंधारातच राहते. काच मात्र बदलावीच लागेल. तिची तजवीज भंडाऱ्याच्या बाजारात करीन.