आधी सातबारा, मग वीट

बल्लारपुरात आम्ही चौदा वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढली. मालकाने खोली खाली करा म्हटले की पोरांसह बिऱ्हाड उचलायचे. म्हणून बचत गटातून आणि ह्यांच्या मजुरीतून पै-पै करून चाळीस हजार रुपये जमवले.

गेल्या वर्षी गावाबाहेर एक प्लॉट स्वस्तात मिळत होता. विकणारा म्हणाला, "स्टॅम्पपेपरवर लिहून देतो, रजिस्ट्रीचा खर्च कशाला?" हे इसार द्यायला तयार झाले. सासूबाई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण त्याच म्हणाल्या, "बाई, पैसे देण्याआधी कागद वाच."

मी सातबारा काढला. त्यावर नोंद होती 'झुडपी जंगल'. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी जमीन पुष्कळ आहे. ती वनजमीनच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. शिवाय शंभर रुपयांवरच्या जागेची विक्री रजिस्ट्रीशिवाय पक्की होत नाही, असा कायदा आहे.

इसार दिला नाही. हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रात्री स्वतःच म्हणाले, "पुढचा कागद दोघं मिळून वाचू. नावही दोघांचं लावू."

भगिनींनो, घरकुलाला सरकारी अनुदान मागायचे तरी जागेचा कागद लागतोच. आमचे घर अजून व्हायचे आहे. पण चाळीस हजार शाबूत आहेत, आणि सातबारा वाचायला आम्ही शिकलो आहोत.