‘कशावरून?’ : एका सोनाटाच्या वाचनाविषयी

2018 च्या पावसाळ्यात माझ्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. अठरा वर्षे मोठमोठ्या वर्गांना ध्वनिक्षेपकाविना शिकविल्याचा हा परिणाम, असे डॉक्टरांचे म्हणणे. दहा दिवस पूर्ण मौन आणि पुढे तीन महिने मोजके बोलणे असे पथ्य होते. त्या दहा दिवसांची एक वही माझ्यापाशी आहे. ‘पाणी कोमट हवे’, ‘दूधवाल्याचे पैसे दिले का’ अशा ओळींच्या गर्दीत एका पानावर एकच शब्द लिहिलेला आहे : ‘कशावरून?’

हा प्रश्न मी शेजारच्या बाईंना केला होता. बाई पियानो शिकवितात. मौनात मला करमावे म्हणून त्यांनी घरी बोलावून बेथोव्हनचा एक सोनाटा स्वतः वाजवून दाखविला आणि अखेरचा नाद विरल्यावर त्या सहज म्हणाल्या, “ही आतल्या बळाची गोष्ट आहे.” मी वही पुढे ओढली. आजारपणातही माझ्यातली अध्यापिका किती जागी होती, याचे आता हसू येते. परंतु प्रश्न खोटा नव्हता. शब्द नसलेल्या, पात्र नसलेल्या, घटना नसलेल्या रचनेला ‘गोष्ट’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो? आणि ‘आतले बळ’ हे त्या स्वरांत असते, की ऐकणारा आपल्या गरजेपोटी ते तेथे नेऊन ठेवतो?

या प्रश्नाला माझ्यापुरता एक पूर्वेतिहास होता. त्या आधीच्याच वर्षी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने एका कवितेवरील टिपणात आपल्या आजीच्या शेवटच्या दिवसांविषयी दोन पाने लिहिली होती. मी समासात शेरा दिला : ‘संहितेबाहेरचे. आत्मनिष्ठ.’ गुणही त्याच मानाने दिले. आस्वादकाने आपले लौकिक सुखदुःख कलाकृतीच्या उंबऱ्याबाहेर ठेवावे, ही शिकवण आमच्या पिढीला मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या वाचनातून मिळाली आणि ती आम्ही इमानाने पुढे दिली. पुढे रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (1974) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधील ताण उलगडून दाखविला, तरीही वर्गात शिकविताना आम्ही बहुधा एकाच ध्रुवावर उभे राहिलो. तेथे उभे राहून उत्तरपत्रिका तपासणे सोपे जाते, हेही कबूल केले पाहिजे.

तो सोनाटा म्हणजे बेथोव्हनची एकशे दहावी कृती, ए फ्लॅट मेजरमधील. हस्तलिखितावर 25 डिसेंबर 1821 ही तारीख आहे. वादनास साधारण वीस मिनिटे लागतात. पहिल्या भागाचे सौम्य गाणे आणि दुसऱ्या भागाची काहीशी रांगडी थट्टा यांविषयी येथे लिहीत नाही. माझा प्रश्न तिसऱ्या भागाशी निगडित आहे.

या भागात प्रारंभीच्या संथ, बोलल्यासारख्या आलापानंतर एक विलापगीत येते. ते ए फ्लॅट मायनरमध्ये आहे. ते संपताच फ्यूग सुरू होते. एकच सुरावट निरनिराळ्या आवाजांनी पाळीपाळीने उचलावी, एकीची दुसरीत गुंफण व्हावी, असा हा बांधीव रचनाप्रकार. येथील सुरावट तीन पायऱ्यांनी वर चढते. प्रत्येक पायरीला षड्ज-मध्यमाएवढी उडी आहे. पहिल्या भागाच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यात या उड्यांचे बीज आढळते. दुःखानंतर सावरणे, एवढीच गोष्ट असती तर रचना येथे संपती. आपली बरीच ‘आशावादी’ कविता अशाच जागी संपते आणि म्हणूनच ती लक्षात राहत नाही.

येथे मात्र फ्यूग भर जोमात असताना अकस्मात मोडते आणि विलापगीत परत येते. या वेळी ते जी मायनरमध्ये, म्हणजे पहिल्याहून अर्धस्वर खाली उतरलेले आहे. सुरावट तीच, पण मधे मधे लहान लहान विराम पडून तिचे तुकडे झाले आहेत. शब्द पुरा करण्याआधी श्वास संपावा तसे. स्वरलिपीत या ठिकाणी बेथोव्हनने इटालियन आणि जर्मन अशा दोन भाषांत सूचना लिहिल्या आहेत. एकीचा अर्थ शक्ती गमावीत, दुसरीचा थकून गेलेले. पुढे फ्यूग परतते तेथेही सूचना आहे : हळूहळू पुन्हा सजीव होत. बाईंनी माझ्या वहीतील प्रश्नाखाली बोट ठेवले, मग स्वरलिपीतील या जागांवर ठेवले आणि उत्तर दिल्यासारखा चेहरा केला.

मला ते उत्तर पुरेसे वाटले नाही. या सूचना श्रोत्याला ऐकू येत नाहीत. त्या कलाकृतीचा भाग आहेत की कलावंताचे तिच्याविषयीचे मत? नाट्यसंहितेतील रंगसूचनेविषयी आपण हाच वाद घालतो. प्रेक्षक रंगसूचना वाचीत नाही; नटाच्या देहातून ती त्याच्यापर्यंत पोचते, किंवा पोचत नाही. ‘थकून’ हा शब्द स्वररचनेत उतरला नसता तर तो कागदावरच राहिला असता. तेव्हा पुरावा शब्दात नव्हे, रचनेतच शोधला पाहिजे. हान्सलिकने 1854 च्या आपल्या ग्रंथात नादातून हलणारे घाट हाच संगीताचा आशय मानला, भावनेचे निवेदन नव्हे. त्याची ही अट मला मान्य करूनच पुढे जायचे होते. कारण ती अट पाळूनही काही हाती लागते का, हे पाहणे महत्त्वाचे होते.

दुसऱ्या विलापगीताच्या अखेरीस जी मेजरची एक कॉर्ड आहे. स्वरांचा हा एकच गुच्छ दहा वेळा वाजतो, हलक्यापासून उत्तरोत्तर मोठा होत. कागदावर पाहिले तर यात काहीच नाही. रचनाशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले तर शिक्षक ते कंटाळवाणे म्हणून खोडतील. बाईंनी मला पियानोजवळ उभे केले, झाकण उचलून तारा दाखविल्या आणि एक स्वर दाबून धरला. हातोडी तारेवर आदळते त्या क्षणी स्वर जन्मतो आणि त्याच क्षणी तो मरू लागतो. आपल्या गायकाला लावलेला षड्ज फुलविता येतो, सारंगीवाल्याला गजाचा दाब वाढवून स्वर मोठा करता येतो. पियानोवर ते अशक्य आहे. वाजलेला स्वर क्षीणच होत जाणार. त्यामुळे वाढता नाद हवा असेल तर एकच उपाय उरतो : पुन्हा आघात करणे, आधीच्याहून थोडा अधिक. त्या दहा कॉर्डमधील प्रत्येक कॉर्ड विरू लागते आणि पुढची तिला ओलांडते. मागच्या आघातातून पुढच्याला काहीही मिळत नाही; दर वेळी हाताने सारे वजन नव्याने आणावे लागते.

हे मी रूपकाने म्हणत नाही. ते यंत्राचे वर्णन आहे. परंतु ते वर्णन पुरे करताना माझ्या ध्यानात आले की ‘बळ’ हा शब्द टाळून मला ते करताच येत नव्हते.

त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. या वाढत्या आघातांनंतर कानाला विजयघोषाची अपेक्षा असते. येते मात्र उलटी केलेली फ्यूग, तीही अगदी हलक्या आवाजात. हातोड्या बाजूला सरकवून स्वर मंद करणारा पेडल दाबून. जी सुरावट तीन पायऱ्यांनी चढत होती तीच आता तीन पायऱ्यांनी उतरते. ‘पुन्हा सजीव होणे’ या रचनेत उतरत्या पायऱ्यांवरून घडते, हे मला अनेकदा ऐकूनही नवल वाटते. नंतर सुरावट आखूड होते, लांब होते, दोन्ही रूपे एकमेकांवर येतात, आणि मूळ पट्टी परत सापडल्यावर ती पुन्हा सरळ चढू लागते. तोवर फ्यूगची शिस्तही विरघळून गेलेली असते. उरते ते एक मोकळे गाणे. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे लावून पाहिली तर उलट्या सुरावटीत संवाद आणि विरोध एकाच वेळी नांदतात असे म्हणावे लागेल, आणि हे त्यांच्या उपपत्तीचे सामर्थ्यच आहे. मात्र एक गोष्ट तिच्या चिमटीत येत नाही : क्रम. विलाप आधी ए फ्लॅट मायनरमध्ये आणि मग अर्धस्वर खाली, हे उलट क्रमाने आले असते तर संवाद-विरोधाचा हिशेब फारसा बिघडला नसता. गोष्ट मात्र पार बदलली असती. तेव्हा बाईंच्या वाक्यातील ‘गोष्ट’ हा शब्द मी आता स्वीकारते. येथे नायक नाही, पण आधी आणि नंतर आहे. एकदा फसलेला प्रयत्न आहे, आणि दुसरा प्रयत्न पहिल्याची नक्कल नाही.

चरित्राचा मोह येथे फार मोठा आहे. 1821 हे वर्ष बेथोव्हनने आधी संधिवाताच्या तापात आणि मग काविळीत काढले. त्याचे ऐकणे तर केव्हाच गेले होते. 1818 पासून भेटीला येणारी माणसे त्याच्याशी वहीत लिहून बोलत. ही माहिती मला त्याच दिवसांत मिळाली आणि समोरच्या माझ्या वहीकडे पाहून मी दचकले. त्याच्याकडे माणसे लिहीत आणि तो बोले. माझ्याकडे माणसे बोलत आणि मी लिही. या उलट्या प्रतिमेवर एक सुरेख निबंध सहज उभा राहिला असता. तो मी लिहिला नाही, कारण सोनाटाविषयी त्याने काहीच कळले नसते. दुखण्यातून उठलेली माणसे अगणित आहेत; त्यांतल्या एकाने पडझडीनंतर सुरावट उलटी करून पाहिली, हे दुखण्याने सांगता येत नाही.

मात्र याची दुसरी बाजूही नोंदवणे भाग आहे. घसा शाबूत असता तर त्या दहा कॉर्डजवळ मी थांबले असते का? बहुधा नाही. फ्यूगच्या बांधणीचे कौतुक करून पुढे गेले असते. माझ्या दुखण्याने रचनेत काही घातले नाही. पण कोठे कान द्यायचा ते दाखविले. ‘संहितेबाहेरचे’ आणि ‘संहितेकडे नेणारे’ यांत मी कधी फरक केला नव्हता. आजीविषयीच्या त्या दोन पानांनंतर विद्यार्थिनी कवितेतल्या कोणत्या ओळीशी परत आली होती, हे आता मला आठवत नाही. शेरा दिला त्या वेळी मी तेथवर वाचलेच नव्हते, अशी शंका येते.

नोव्हेंबरात मी पुन्हा वर्गावर गेले. त्या वर्षीच्या टिपणांचा गठ्ठा विभागाच्या कपाटात शोधला. नियमाप्रमाणे जुनी कागदपत्रे रद्दीत गेली होती. विद्यार्थिनी आता एका तालुक्याच्या गावी शिकविते असे कळले. तिला पत्र लिहायला घेतले आणि पहिल्याच ओळीत विचारले, ते टिपण तुझ्याकडे असेल तर पाठवशील का, मला ते शेवटपर्यंत वाचायचे आहे.