शिस्त

ऑफ तासाला आठवीच्या वर्गात गेलो, तर मागच्या बाकांवर भांडण जुंपलं होतं. विषय होता ‘एट-एक्स’ भारी की ‘सिक्स-एक्स’. मोबाईलवरच्या बंदुकीच्या खेळात शत्रूला लांबून टिपायला जो स्कोप मिळतो, त्याचे हे आकडे. मला पाहून सगळे गप्प झाले. एक पोरगा मात्र धीट. म्हणाला, “सर, खरी बंदूक असली आणि नेम हजार मीटरवरचा असला, तर कोणता स्कोप घ्यायचा?”

मराठी-उर्दूच्या मास्तरला विचारायचा हा प्रश्न नव्हे. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. पण उत्तर माझ्याकडे तयार होतं. गेल्या वर्षी मला एक दुर्बीण घ्यायची होती आणि ऑनलाइन दुकानांत पक्षी पाहायच्या दुर्बिणी आणि रायफलचे स्कोप एकाच फळीवर मांडलेले असतात. एक शोधताना दुसऱ्याबद्दलही ढीगभर वाचून झालं होतं.

म्हटलं, लांबच्या नेमाला आकडा सगळ्यात शेवटी बघतात. आधी बघतात ते हे, की गोळी सुटल्यावर बसणाऱ्या धक्क्यात स्कोपच्या आतली मांडणी जागची हलत तर नाही ना. वरची-बाजूची चकती जितकी फिरवली तितकाच नेम सरकतो का, आणि परत शून्यावर आणली की खरंच शून्यावर येतो का. डोळा काचेपासून आठ-दहा सेंटिमीटर लांब ठेवून पूर्ण दिसतं का, नाहीतर धक्क्याने भुवईच फुटायची. मग आतल्या रेघा. त्यांचं एक माप ‘मिल’. एक मिल म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर, हजार मीटरवर पूर्ण एक मीटर. भिंगाची ताकद त्यानंतर. आणि आहे तेवढी ताकद लावून कोणी शहाणा नेम धरत नाही. उन्हात जमिनीलगतची हवा थरथरते, ती थरथरही तितक्याच पटीने मोठी होते.

“मग ऑलिंपिकमध्ये स्वप्नीलकडे कितीचा होता?”

“एकचाही नाही.”

पोरांना पटेना. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. त्या प्रकारात दुर्बिणीचा स्कोप लावायला परवानगीच नाही. मागे एक बारीक छिद्र, पुढे एक कडं, बस. आणि 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे हरभऱ्याच्या मोठ्या दाण्याएवढं. वर्ग पहिल्यांदाच खरा गप्प झाला.

आता माझ्या दुर्बिणीचं सांगतो.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात सारस आहेत. महाराष्ट्रात आता ते इथे आणि शेजारी थोडेफार, एवढेच उरलेत. उभा राहिला की जवळजवळ माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यात उंच. आमच्या बाजूला त्यांचा आकडा गेली काही वर्षं तिसाच्या मागेपुढेच. धानाच्या बांधीत घरटं करतात, जोडीने फिरतात, आणि विजेच्या तारांना धडकून नाहीतर शेतातल्या विषाने मरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्यांच्यासाठी स्वतःहून दखल घ्यावी लागली. मी शिक्षक. मला वाटलं, निदान आपल्याला मोजता तरी यावेत.

पहिली चूक मी पोरांचीच केली. आकडा पाहून भुललो. ‘20-60×60’ लिहिलेला, एका डोळ्याने पाहायचा स्पॉटिंग स्कोप स्वस्तात मिळाला. साठ पट! परसवाड्याच्या तलावाकडे पहाटे नेला, साठवर लावला, तर समोर दुधात कालवल्यासारखं पांढुरकं. नंतर हिशेब कळला. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीच्या आकड्याने भागायचं. 60 भागिले 60, म्हणजे डोळ्यात येणारं उजेडाचं वर्तुळ फक्त एक मिलिमीटर. अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडून वाट पाहत असते, आणि आपण तिला सुईच्या नेढ्याएवढा उजेड देतो. शिवाय साठ पटीला हजार मीटरवर जेमतेम वीस मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. सारस सापडला तरी तो दोन पावलं चालला की गायब. आणि माझी चाळिशी! चष्मा लावून पाहिलं की कडेने काळं कडं दिसायचं, कारण त्या स्कोपला डोळा काचेला चिकटवून ठेवावा लागतो.

तो परत करायचं ठरलं. पण त्याआधी अब्बांनी तो पाहिला. हिरवट-काळ्या ठिपक्यांची लांब नळी, तीन पायांचा स्टँड. कुरिअरवाल्याने खोक्यावरचं चित्र पाहून हसत विचारलंच होतं, “सर, बंदुकीचं का?” अब्बा हसले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, “यह नली ले के अलस्सुबह खेतों में मत खड़े रहना, बेटा. लोग पहले नाम पूछते हैं, काम बाद में.”

मला राग आला. अब्बांचा नाही. अब्बांना हे म्हणावंसं वाटलं, याचा. हा जिल्हा नक्षलग्रस्त म्हणून कागदावर गणला गेलेला. इथे जंगलाच्या कडेला कोणीही नळी रोखून उभा राहिला तर चौकशी होणारच, असं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, “कोणाचीही होईल. पण तुझी लांबेल.” यावर माझ्याकडे काही नव्हतं.

शेवटी 8×42 ची साधी, दोन डोळ्यांची दुर्बीण घेतली. 42 भागिले 8, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर उजेड. हजार मीटरवर सव्वाशे-दीडशे मीटरचा पट्टा एका नजरेत. डोळा सतरा मिलिमीटर लांब ठेवला तरी पूर्ण दिसतं, म्हणजे चष्मा उतरवायला नको. हाताचा कंपही आठच पट मोठा होतो, स्टँड लागत नाही. कोणी विचारलं की मी ही सगळी कारणं सांगतो. सगळी खरी आहेत. पण आणखी एक कारण होतं, ते आज लिहितो: दोन डोळ्यांची दुर्बीण बंदुकीसारखी दिसत नाही. रंगही मी मुद्दाम काळा घेतला, ठिपक्यांचा नाही. भिंगाचा हिशेब करता करता मी हाही हिशेब केला होता.

सलीम अली यांची गोष्ट मी या काळात परत वाचली. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग. ही कसली चिमणी, हे मामांना सांगता येईना, म्हणून त्यांनी पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. तिथून पुढचं आयुष्य पक्ष्यांचं झालं. शंभर वर्षांपूर्वी त्या पोराला साहेबाच्या दारात जायची धाकधूक होती. माझी धाकधूक वेगळ्या दाराची.

ऑक्टोबरमध्ये हलका धान कापणीला आला तेव्हा मी धुऱ्यावर उभा होतो. एक म्हातारे शेतकरी आले. “का पायता जी?” “सारस.” “नाव का जी तुमचं?” अब्बा बरोबर होते, नाव पहिल्या मिनिटातच आलं. मी सांगितलं. ते क्षणभर थांबले. म्हणाले, “मंग इकडून नका पाहू. सूर्य डोळ्यात येते. तिकडच्या पाळीवर चला.” तिथून जोडी दिसली, आणि दोघांच्या मधे, धानात मान बुडवून, तांबूस पिल्लू. त्यांनी ते नुसत्या डोळ्यांनी आधीच पाहिलं होतं. घरटं असताना त्यांनी तेवढा तुकडा बिनफवारणीचा ठेवला होता.

दुसऱ्या एका सकाळी दोन तरुण मोटरसायकल थांबवून, काही न बोलता, माझा फोटो काढून निघून गेले. तेही घडलं. कोणती सकाळ खरी, हे मला ठरवता आलेलं नाही.

हे सगळं वर्गात सांगितलं नाही. फळ्यावर फक्त एक शब्द लिहिला: शिस्त. मराठीत अर्थ सगळ्यांना पाठ, रोज ऐकतात. मग सांगितलं, हा शब्द फारसीतून आला, आणि उर्दूत ‘शिस्त बाँधना’ म्हणजे नेम धरणं. जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेम होताच. दुर्बीणही तिकडचीच: दूर पाहणारी ती दूरबीन.

धीट पोरगा म्हणाला, “म्हणजे ‘शिस्तीत बसा’ म्हणजे नेम धरून बसा?” वर्ग हसला. मीही.

येत्या रविवारी चौघं माझ्याबरोबर तलावावर येणार आहेत. दुर्बीण एकच, पाळीपाळीने पाहायचं ठरलंय. अब्बांना अजून सांगितलेलं नाही.